प्रकल्प नोंदी: एकेएच नसलेली माशी उपाशी जास्त का जगते

९ ऑक्टोबर २०२३

उपासमारीत साठवलेली चरबी मोकळी करणारं संप्रेरकच काढून घेतलं, तर माशी लवकर मरायला हवी. प्रत्यक्षात ती जास्त जगते. असं का होतं, ते शोधायचं.

हे संप्रेरक म्हणजे अ‍ॅडिपोकायनेटिक हॉर्मोन, पुढे सगळीकडे एकेएच. टोळातल्या एकेएचची रचना १९७६ मध्ये उलगडली. फळमाशीचं एकेएच फक्त आठ अमिनो आम्लांचं आहे आणि माणसात रक्तातली साखर वाढवणारं ग्लुकागॉन जे काम करतं, साधारण तेच इथे करतं. कॉर्पोरा कार्डियाका या इवल्याशा ग्रंथीत ते बनतं, हीमोलिम्फमध्ये, म्हणजे कीटकाच्या रक्तात, सुटतं, फॅट बॉडी या साठ्याच्या अवयवावरच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतं आणि तिथलं ग्लायकोजेन व चरबी मोडायला लावतं. २००४ मध्ये ली आणि पार्क यांनी एकेएच बनवणाऱ्या पेशी मारून पाहिल्या. माश्यांची हीमोलिम्फमधली साखर घटली, पण अन्न बंद केल्यावर त्या जास्त तास तगल्या. पुढे एकेएचच्या ग्राहकाचं जनुक आणि खुद्द एकेएचचं जनुक बिघडवलेल्या माश्यांतही तेच दिसलं: अंगात चरबी जास्त, उपासमारीत आयुष्य जास्त.

इथली फळमाशी म्हणजे ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर, पिकल्या केळ्यांभोवती जमणारं चिलट. आंबा-पेरूत अळ्या करणारी, मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात सापडणारी बागायतदारांची फळमाशी वेगळी, ती बॅक्ट्रोसेरा. मराठीत दोघींना एकच नाव असल्याने नव्याने येणाऱ्यांचा घोळ होतो, म्हणून आधीच लिहून ठेवलं.

आज माश्यांचे तीन स्टॉक (जपलेले वाण) वेगळे काढले: एकेएच-गॅल४, यूएएस-रीपर (आपल्याकडचा एक्स गुणसूत्रावर आहे) आणि पांढऱ्या डोळ्यांचा डब्ल्यू-१११८. रीपर हे पेशीला मृत्यूकडे ढकलणारं जनुक. यूएएस हा त्याच्यापुढचा खटका, गॅल४ हे तो दाबणारं प्रथिन. गॅल४ जिथे असेल तिथेच रीपर चालू होतं, म्हणून मरतात त्या फक्त एकेएच बनवणाऱ्या पेशी.

पहिलं काम बॅकक्रॉसचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाणाशी संकर करून बाकीची जनुकं सारखी करण्याचं. उपासमार किती सोसते हे अनेक जनुकांवर ठरतं आणि वर्षानुवर्षं वेगळ्या नळ्यांत वाढलेले दोन स्टॉक या बाबतीत रीपरशिवायही वेगळे निघतात. गॅल४ आणि यूएएस दोन्ही स्टॉक सहा पिढ्या डब्ल्यू-१११८ मध्ये मिसळायचे. आपल्या घातलेल्या जनुकासोबत डोळ्यांना रंग देणारी खूण आहे, म्हणून दर पिढीत केशरी डोळ्यांच्या माद्याच पुढे न्यायच्या, नर नाही. फळमाशीच्या नरात गुणसूत्रांची अदलाबदल होत नाही. नरांमार्फत नेलं तर आपल्या जनुकाशेजारचा जुना तुकडा सहा पिढ्यांनंतरही तसाच चिकटून राहतो.

११ ऑक्टोबर २०२३

फूड, एक लिटरसाठी: मक्याचं पीठ ८० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, डेक्स्ट्रोज २० ग्रॅम, कोरडं यीस्ट १५ ग्रॅम, अगार ८ ग्रॅम. उकळी आल्यावर मंद आचेवर सतत ढवळायचं. ६० अंश सेल्सिअसच्या खाली उतरल्यावर प्रोपिऑनिक आम्ल ४ मिली, ऑर्थोफॉस्फोरिक आम्ल ०.६ मिली आणि इथेनॉलमध्ये विरघळवलेलं बेंझोइक आम्ल ०.७ ग्रॅम. प्रोपिऑनिक आम्ल गरम फुडात टाकलं तर वाफेबरोबर उडून जातं आणि चार दिवसांत बुरशी दिसते.

पीठ पिवळंच हवं. किराणा दुकानात ‘कॉर्नफ्लोअर’ मागितलं की सूप दाट करायचं पांढरं पीठ देतात. तो निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. त्यावर अळ्या रखडतात आणि माश्या बारीक निघतात. पाकिटावरचं नाव न बघता पिठाचा रंग बघायचा.

नळ्या भरल्यावर रात्रभर मलमलच्या फडक्याखाली उघड्या ठेवायच्या. बुचं लगेच लावली तर काचेला पाणी सुटतं आणि माश्यांचे पंख चिकटतात. टेबलाचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत. लाल मुंग्या एका रात्रीत अख्खा ट्रे साफ करतात.

८ जानेवारी २०२४

सहा पिढ्या झाल्या. आता शुद्ध ओळ. केशरी मादी केशरी नराला दिली. पुढच्या पिढीतल्या माद्यांत जनुकाच्या दोन प्रती असलेल्या गडद, एक प्रत असलेल्या फिक्या. फरक ओळखायचा तर सगळ्या माश्या एकाच वयाच्या घ्यायच्या, कारण डोळ्यांचा रंग पहिल्या तीन-चार दिवसांत आपोआप गडद होतो. काल निघालेली दोन प्रतींची मादी आणि पाच दिवसांची एका प्रतीची मादी शेजारी ठेवल्या तर हमखास चूक होते.

१९ फेब्रुवारी २०२४

पेशी खरंच मेल्या का, याची तपासणी. प्रौढ माशीत कॉर्पोरा कार्डियाका मानेपाशी, अन्ननलिकेला चिकटून असते. डोकं ओढलं की तुटून कुठे गेली ते कळत नाही. अळीच्या तिसऱ्या अवस्थेत हीच ग्रंथी रिंग ग्लँडचा भाग असते आणि मेंदूच्या दोन गोलार्धांवर ठळक दिसते, म्हणून तपासणी अळीतच.

अळी पीबीएसमध्ये (मिठाच्या बफर द्रावणात) मध्यावर कापायची, पुढचा अर्धा भाग मोज्यासारखा उलटा करायचा, आतडं आणि लाळग्रंथी काढून टाकायच्या. मेंदू हलवायचा नाही. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये २५ मिनिटं, ०.३ टक्के ट्रायटन असलेल्या पीबीएसचे तीन धुवे, ५ टक्के शेळीच्या सीरममध्ये एक तास, मग एकेएचचं प्रतिद्रव्य ४ अंशाला रात्रभर. दुसऱ्या दिवशी त्याला चिकटणारं, चमकत्या रंगाचं दुसरं प्रतिद्रव्य दोन तास.

या तपासणीत एक फसवी जागा आहे. पेशी मेल्या असतील तर ग्रंथी काळी दिसणार आणि रंगवणं फसलं असेल तरीही काळीच दिसणार. म्हणून नियंत्रण गटाच्या अळ्या त्याच ट्यूबमध्ये, त्याच द्रावणात हव्यात. ओळख पटावी म्हणून नियंत्रणाच्या अळ्यांचे मुखाचे काळे आकडे (हुक) तसेच ठेवले, प्रयोगाच्या अळ्यांचे कापले. आकडे असलेल्या प्रत्येक अळीत रिंग ग्लँडच्या तळाशी दोन झगझगीत पुंजके दिसले. आकडे कापलेल्यांत काही नाही. एका अळीत एकच पेशी अंधुक चमकत होती, तिची नोंद वेगळी ठेवली आहे.

४ मार्च २०२४

मुख्य क्रॉस लावले.

प्रयोग: यूएएस-रीपर व्हर्जिन माद्या, एकेएच-गॅल४ नर.
नियंत्रण १: यूएएस-रीपर व्हर्जिन माद्या, डब्ल्यू-१११८ नर.
नियंत्रण २: डब्ल्यू-१११८ व्हर्जिन माद्या, एकेएच-गॅल४ नर.

दिशा उलटी करायची नाही. रीपर एक्सवर आहे आणि मुलग्यांना एक्स फक्त आईकडून मिळतो. रीपर बापाकडून दिलं तर मुली बरोबर निघतात, पण मुलग्यांत रीपर नसतंच. ते नर प्रयोगाच्या नळीत मोजले गेले तर निकाल अर्धा पुसला जातो आणि कारण सापडत नाही.

व्हर्जिन २५ अंशाला निघाल्यापासून ८ तासांच्या आत गोळा करायच्या. फिक्या पोटाच्या आत काळपट-हिरवा ठिपका दिसला तर खात्री.

गर्दी सांभाळायची. अंडी मोजून, ओल्या बारीक ब्रशने, दर नळीत ६०. दाटीत वाढलेल्या अळ्यांच्या माश्या लहान निघतात आणि चरबीचा साठा वेगळा असला की उपासमारीचे तास बदलतात. मग एकेएचच्या नावावर खपतो तो गर्दीचा परिणाम.

२० मार्च २०२४

पहिली उपासमार चाचणी. वय ५ ते ६ दिवस, मीलन झालेल्या माद्या, दर नळीत २०, दर गटात ६ नळ्या. कार्बन डायऑक्साइडखाली लिंग वेगळं करून तीन दिवस साध्या फुडावर विश्रांती. हा वायूही एक ताणच आहे, शुद्धीवर आल्या म्हणून माश्या लगेच वापरायच्या नाहीत. मग भूल न देता, थोपटून, १ टक्का अगारच्या नळीत. अगार पाण्यासाठी, त्यात अन्न काही नाही.

२१ मार्च २०२४

चाचणी रद्द.

२० तासांतच तिन्ही गटांत माश्या पडायला लागल्या. निरोगी माद्या अगारवर पहिला दिवस सहसा सहज काढतात. नळी उजेडात धरली तेव्हा कारण दिसलं: अगारची चकती काचेपासून सुटून आत आखडली होती, कडेला केसाएवढी फट आणि वरचा थर चामड्यासारखा. इनक्युबेटरच्या पंख्याचा झोत नेमका याच फळीवर येतो. माश्या भुकेने नव्हे, तहानेने मेल्या.

भूक आणि तहान या ताणांची संप्रेरकं वेगळी आहेत. शरीरातलं पाणी राखायचं की सोडायचं हे कापा, ल्युकोकायनिन, डीएच४४ ही पेप्टाइडं माल्पीगी नलिकांमार्फत, म्हणजे कीटकाच्या मूत्रपिंडांमार्फत, ठरवतात. कापा कमी केलेल्या माश्या कोरड्या हवेत आणि थंडीतही जास्त टिकतात, हे २०१५ मध्ये दाखवलं गेलं. दोन्ही ताण एकाच नळीत आले तर कुठल्या संप्रेरकाचा परिणाम मोजला ते सांगता येत नाही.

दुरुस्ती: अगार नळीत निदान ५ मिली, चाचणीच्या आदल्या दिवशी ओतलेलं. नळ्या झाकणाच्या डब्यात, सोबत ओला स्पंज. दर २४ तासांनी माश्या ताज्या अगारवर.

१० ते १४ एप्रिल २०२४

पुन्हा केलेली चाचणी. क्रॉस २५ मार्चचे. पहिले २४ तास दर ६ तासांनी मोजणी, नंतर दर ४ तासांनी. मेली असं केव्हा म्हणायचं: नळी दोनदा टिचकी मारून हलवल्यावर पाय हलत नसतील तेव्हा. नुसती पाठीवर पडलेली माशी मेलेली धरायची नाही, शेवटच्या तासांत त्या पडून पाय हलवत राहतात. बदलताना उडून गेलेल्या आणि अगारात रुतलेल्या माश्या ‘सेन्सर्ड’ (तोवर जिवंत, पुढचं माहीत नाही) म्हणून नोंदवायच्या, मृतांत नाही.

आलेखावर दोन्ही नियंत्रण गटांच्या जिवंत माश्यांच्या रेषा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. बॅकक्रॉसचे तीन महिने इथे कामी आले. प्रयोगाच्या माद्यांची रेषा दुसऱ्या दिवसापासून वेगळी होत गेली आणि शेवटपर्यंत वरच राहिली. विश्लेषण ‘आर’ या संगणक प्रणालीत: जगण्याच्या रेषांची तुलना करणारी लॉग-रँक चाचणी, आणि नळीनळीतला फरक धरून मृत्यूचा धोका मोजणारं कॉक्स मॉडेल. प्रयोगाचा गट दोन्ही नियंत्रणांपेक्षा वेगळा निघाला तरच निकाल धरायचा. एकाशीच तुलना करून थांबायचं नाही.

१७ एप्रिल २०२४

चरबीचं मोजमाप. याच तुकडीच्या बहिणी, उपासमारीच्या ० आणि २४ तासांना गोठवलेल्या. ५ माश्या, ०.०५ टक्के ट्वीन असलेल्या पीबीएसमध्ये कुटून लगेच ७० अंशाला १० मिनिटं. हे गरम करणं टाळलं तर माशीची स्वतःची लायपेज एन्झाइमं ट्यूबमध्येच चरबी मोडत बसतात. मग २० मायक्रोलिटर नमुना आणि तेवढंच ट्रायग्लिसराइड रीएजंट, ३७ अंशाला ४५ मिनिटं. तोच नमुना दुसऱ्या ट्यूबमध्ये रीएजंटऐवजी पीबीएस घालून. सेंट्रिफ्यूज, वरचं द्रावण प्लेटमध्ये, ग्लिसरॉल रीएजंट, आणि ५४० नॅनोमीटरला वाचन. पहिल्यातून दुसरं वजा केलं की मोकळं ग्लिसरॉल निघून जातं.

पहिल्या प्लेटवर नियंत्रण १ मध्ये आकडे चढे आले. दोष डोळ्यांचा. तीन गटांच्या डोळ्यांचा रंग तीन छटांचा आहे आणि डोळ्यांतलं रंगद्रव्य ५४० च्या आसपास प्रकाश शोषतं. वजाबाकीत ते जायला हवं, पण पिपेटमध्ये थोडं जरी कमी-अधिक झालं तर गडद डोळ्यांच्या गटात चूक मोठी होते. आता सगळ्या माश्यांची डोकी बर्फावर ब्लेडने काढून फक्त धडं कुटायची. तशी दुसरी प्लेट साफ आली: ० तासाला प्रयोगाच्या माश्यांत चरबी जास्त, आणि २४ तासांत घट नियंत्रणापेक्षा कमी.

चरबी मोडायचा एकेएच हा एकच मार्ग नाही. ब्रमर नावाचं लायपेज स्वतंत्रपणे काम करतं. २००७ मध्ये ग्रोंके आणि सहकाऱ्यांनी ब्रमर आणि एकेएचचा ग्राहक दोन्ही बिघडवले, तेव्हा माश्यांना चरबी वापरताच येईना. चरबीने भरलेल्या असूनही त्या उपासमारीत लवकर मेल्या. आपल्या माश्यांत ब्रमर शाबूत आहे. चरबी हळू सुटते, पण सुटते. जास्त जगण्यातला एक भाग इथे आहे.

२ मे २०२४

हालचाल मोजणी सुरू होऊन एक दिवस झाला आणि रात्री वीज गेली. वीज परत आली तेव्हा इनक्युबेटरचा हीटर चालू राहिला, कूलिंग नाही. आतल्या थर्मामीटरवर कमाल ३७ अंश. सगळ्या माश्या टाकल्या, जिवंत होत्या त्याही.

टाकायचं कारण लिहून ठेवायला हवं, कारण बाहेरून या माश्या धडधाकट दिसतात. १९६२ मध्ये फेरुचो रितोसा यांनी ड्रोसोफिला बुस्की या दुसऱ्या जातीच्या लाळग्रंथीतल्या गुणसूत्रांवर नवे फुगवटे पाहिले. तेही इनक्युबेटरचं तापमान चढलं होतं म्हणूनच. हीट शॉक जनुकांचा शोध तिथून सुरू झाला. मेलानोगॅस्टरमध्ये अशा फुगवट्यांपैकी ९३डी या जागेवरच्या एचएसआर-ओमेगा जनुकावर वाराणसीला सुभाष लाखोटिया यांच्या गटाने दशकानुदशकं काम केलं आहे. त्यातून प्रथिन बनत नाही, आरएनएच काम करतो. संप्रेरकांच्या बाजूने नोवोसिबिर्स्कच्या इनेसा राउशेनबाख यांच्या गटाने दाखवलं की ३८ अंशाच्या ताणात डोपामाइन आणि ऑक्टोपामाइन ही चेतारसायनं बदलतात, मादीत ज्युवेनाइल हॉर्मोनचं विघटन मंदावतं आणि अंडी घालणं घटतं. आपण मोजतो ती हालचाल ऑक्टोपामाइनवरच चालते. अशी माशी प्रयोगात ठेवणं म्हणजे मोजपट्टी वाकवून लांबी घेणं.

इनक्युबेटरला वेगळा थर्मल कटऑफ बसवला: आतलं तापमान २८ च्या वर गेलं की हीटरची वीज तुटते. कमाल-किमान थर्मामीटर दर फळीवर.

२० मे २०२४

हालचाल मोजणी, दुसरा प्रयत्न. ५ मिलिमीटर व्यासाच्या, ६५ मिलिमीटर लांब काचनळीत एकेक मादी, मॉनिटरमध्ये ३२ नळ्या. नळीच्या मध्यावर इन्फ्रारेड किरण. माशीने तो ओलांडला की एक मोजलं जातं, नोंद दर मिनिटाला. एक दिवस ५ टक्के साखर व २ टक्के अगारवर रुळू द्यायचं, मग अर्ध्या नळ्यांना नुसतं अगार. नळीत बाष्प धरलं तर किरण अडतो आणि यंत्राला माशी मेल्यासारखी वाटते. म्हणून अगारचं टोक पॅराफिनने नीट बंद आणि दुसऱ्या टोकाला हवा खेळेल असा सैल कापूस.

नियंत्रणाच्या माश्या उपाशी झाल्यावर पहिल्या रात्रीपासूनच बदलल्या. एरवी रात्री शांत असणारी माशी मिनिटामागून मिनिट नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहते, टोकाशी पुढचे पाय काचेवर टेकवते, वळते, पुन्हा निघते. प्रयोगाच्या माश्या उपाशी असूनही रोजच्यासारख्या झोपल्या, सकाळ-संध्याकाळच्या दोन चढांपुरत्याच हलल्या.

ही दुसरी अर्धी बाजू. उपासमारीतली ही धावपळ ऑक्टोपामाइनच्या चेतापेशींमुळे होते. त्यातल्या काहींवर एकेएचचा ग्राहक आहे आणि इन्सुलिनसदृश पेप्टाइडं त्यांनाच उलट दिशेने थोपवतात. म्हणजे एकेएच चरबी मोकळी करतं आणि ती खर्चून अन्न शोधायला माशीला बाहेरही काढतं. आपल्या नळीत शोधायला अन्नच नाही. शोध फुकट जातो, साठा संपतो, नियंत्रणाची माशी आधी मरते. अगारवरचे जास्तीचे तास म्हणजे कणखरपणा नव्हे. ती माशी खर्च करत नाही आणि शोधतही नाही.

अहवालात ‘ताणाला प्रतिकारक’ असा मोघम शब्द वापरायचा नाही, कुठला ताण ते लिहायचं. इन्सुलिनसदृश पेप्टाइडं बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी मारलेल्या माश्या उपासमारीत आणि ऑक्सिडेटिव्ह ताणात जास्त टिकतात, पण त्याच माश्या उष्णता आणि थंडी कमी सोसतात. २००५ मध्येच ब्रॉटन आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं आहे.

३ जून २०२४

दोन कामं.

एक, गॅल८०-टीएस. आतापर्यंतच्या माश्यांत पेशी अळीपासूनच नव्हत्या, त्यामुळे वाढीच्या काळातल्या बदलांची शंका उरते. १८ अंशाला गॅल८० गॅल४ ला रोखून धरतं, २९ ला सोडतं. क्रॉस १८ अंशाला लावले, माश्या निघायला जवळपास २० दिवस लागतील. मग आठवडाभर २९ ला. २९ अंशावर चयापचय वाढून सगळ्याच माश्या उपाशी लवकर मरतात, म्हणून दोन्ही नियंत्रणांतही गॅल८० हवं आणि त्याही नळ्या सोबतच हलवायच्या. एक जादा तुकडी कायम १८ ला. प्रौढात पेशी मेल्याचं अळीतल्या रंगवण्याने सिद्ध होणार नाही. यावेळी डोकं न ओढता धडाच्या बाजूने क्यूटिकल (बाहेरचं कवच) फाडून अन्ननलिका प्रोव्हेंट्रिक्युलससकट (तिच्या शेवटच्या फुगीर भागासकट) अख्खी काढायची, ग्रंथी तिथेच चिकटून येते.

दोन, शोध चाचणी. प्लास्टिकचा झाकणाचा चौकोनी डबा, तळाला सगळीकडे १ टक्का अगार म्हणजे तहान आड येत नाही. एका कोपऱ्यात ५ टक्के साखरेच्या अगारचा, खायचा निळा रंग घातलेला वाटाण्याएवढा ठिपका. २४ तास उपाशी ठेवलेल्या २० माद्या मधोमध सोडायच्या आणि दर तासाला निळ्या पोटाच्या मोजायच्या.

आजच्या कोऱ्या तालमीत, नुसत्या डब्ल्यू-१११८ वर, निळी पोटं फारच थोडी. माश्या उजेडाकडे जातात आणि वर चढतात. सगळ्या झाकणाच्या खिडकीकडच्या कडेला जमल्या, अन्न तळाला उलट कोपऱ्यात. डबा आता चारी बाजूंनी पांढऱ्या कागदात, दिवा वरून मधोमध, उंची ८ मिलिमीटर म्हणजे चढायला जागा नाही. अन्नाचा कोपरा दर फेरीला बदलायचा.